मादीचं परमिट

"फोटोत हसणाऱ्यांना काही विचारू नकोस," बर्निस म्हणाली होती. "मूसची शिंगं धरून हसणारा माणूस चांगलंच बोलणार. शिकारीला नेणाऱ्या लॉजवाल्याकडे रिकाम्या हाताने परत गेलेल्यांचे नंबर माग. दिले तर माणूस खरा. दिले नाहीत तर फोन ठेव आणि दुसरा बघ."

बर्निस कूतूर ही जोसलिनची शेजारीण. तळमजल्यावरच्या पुढच्या खोलीत ती लुइस्टनमधल्या बायकांचे केस कापते आणि केस कापता कापता सल्ले देते. सल्ल्यांचे वेगळे पैसे घेत नाही. त्यामुळेच असेल, ते फारसे कुणी मनावर घेत नाही. जोसलिनला हा सल्ला मिळाला त्याच बैठकीत आणखीही काही मिळाले होते. बाळाच्या हिरड्यांना मेपलचा पाक चोळ, नवऱ्याला रात्रपाळी सोडायला लाव, पुढचे केस आखूड ठेव, कपाळ झाकलं जाईल. या सगळ्यात मूसबद्दलचा तेवढा एक सल्ला सोन्याचा आहे हे कपाळावर ओले केस चिकटलेल्या बाईला कळणार कसं? जोसलिन "हो हो" म्हणाली, आरशात बघितलं, कपाळाचं वाईट वाटून घेतलं आणि घरी गेली.

आता मुळात जोसलिनचा आणि मूसचा, म्हणजे घोड्याहून उंच अशा त्या रानटी सांबराचा, संबंध काय, हे सांगायला हवं.

संबंध सासऱ्यांमुळे. लुसियन ओलेट हे त्यांचं नाव. घरात बाळ आल्यापासून ते पेपे झाले, म्हणजे आजोबा. नातवाचेच नाही, सगळ्यांचेच. सूनही त्यांना पेपेच म्हणते. जन्मभर त्यांनी बुटांच्या कारखान्यात चामडं कापलं. मूसच्या शिकारीची सोडत सरकारने सुरू केली तेव्हापासून ते दरवर्षी न चुकता अर्ज करतात आणि दरवर्षी न चुकता त्यांचं नाव येत नाही. बर्फात चालणाऱ्यांच्या ज्या क्लबात ते जातात (बर्फात चालणं केव्हाच बंद झालंय, आता नुसतं जेवण चालतं) तिथे नोव्हेंबरात एक मोठी पंगत असते. ज्याला मूस मिळाला तो त्या पंगतीला मूसचा खिमा भरलेला 'पाय' (म्हणजे ताटाएवढी भाजलेली कचोरी) घेऊन येतो आणि मधल्या टेबलावर ठेवतो. ज्याला नाही मिळाला तो मडक्यातले घेवडे आणतो आणि खिडकीशी ठेवतो. पेपेंचे घेवडे फार चविष्ट असतात. सगळे तसं म्हणतात, आणि ते तसं म्हणतात हेच पेपेंचं दुखणं आहे.

म्हणून ओलेटांच्या घरात एक चाल पडली. वसंतात अर्ज निघाले की घरातल्या प्रत्येक सज्ञान माणसाने अर्ज करायचा आणि जोडीदार म्हणून पेपेंचं नाव घालायचं. कुणाचंही नाव निघो, बंदूक पेपेंच्या हातात. जोसलिनचं डेरिकशी लग्न ठरलं तेव्हा तिने मुलाकडच्यांना विचारलं होतं, "तुमच्याकडे काही रीतभात?" तेव्हा सासऱ्यांनी गंभीरपणे सांगितलं होतं, "शिकारीच्या परवान्याचा वर्ग करावा लागेल, पोरी." तिने केला. सुरक्षिततेच्या पेपरात वर्गात पहिली आली. काळजी हाच जिचा स्थायीभाव, तिला सुरक्षिततेच्या पेपरात कोण हरवणार?

आणि यंदाच्या जूनमध्ये सोडतीत नाव निघालं ते जोसलिनचं.

पेपे त्या दिवशी उठून मागच्या अंगणात गेले आणि बराच वेळ लाकडं रचत बसले. ती लाकडं आधीच रचलेली होती. डेरिक खिडकीतून बघत हळूच म्हणाला, "थंडी पडली की त्यांचा गुडघा बदलणार आहेत. नंतर डॉक्टर त्यांना जंगलात पाऊल टाकू देणार नाहीत. हे शेवटचंच."

परमिट घरी आलं. त्यावर तीन गोष्टी लिहिल्या होत्या. विभाग: उत्तरेकडचा. काळ: ऑक्टोबरचा शेवट, सोमवार ते शनिवार. प्राणी: मादी. शिंगवाल्या नराला हात लावायचा नाही. चौथी गोष्ट नियमांत होती. परमिट ज्याच्या नावावर, त्याने शिकारीत जोडीदारासोबत राहायचं. म्हणजे घरात दहा महिन्यांचं बाळ असलेल्या, बाळ झोपलं की त्याच्या नाकाशी बोट धरून श्वास तपासणाऱ्या बाईने आठवडाभर उत्तरेच्या जंगलात जायचं, गुडघा गेलेल्या सासऱ्यांबरोबर, भरलेल्या बंदुकीच्या शेजारी.

"मी घेतो की रजा," डेरिक म्हणाला. "थिओला मी बघतो. तू जा."

"तू बघतोस म्हणजे फुटबॉल बघतोस," जोसलिन म्हणाली. पण पेपे अंगणातली लाकडं तिसऱ्यांदा रचत होते, तेव्हा प्रश्नच नव्हता.

अडथळे लगेच सुरू झाले. सरकारी कचेरीतून फोन आला. अर्जात जोडीदाराचं नाव लुसियन आहे, परवान्यावर जोसेफ आहे. हे दोघे कोण?

"एकच आहेत," जोसलिन म्हणाली. "जोसेफ लुसियन रोलां ओलेट."

"मग त्यांना जोसेफ का म्हणत नाहीत?"

"त्यांच्या भावाचं नावही जोसेफ आहे ना."

पलीकडच्या बाईने विचारलं, "दोन्ही भावांचं?"

"सहाही भावांचं. बाप्तिस्म्याला आमच्या जुन्या लोकांत सगळे मुलगे जोसेफ आणि सगळ्या मुली मरी. हाक पुढच्या नावाने मारायची."

"बाईसाहेब," ती बाई थकून म्हणाली, "माझ्यासमोर सहा जोसेफ ओलेट आहेत. सगळे तुमच्याच पत्त्यावर राहून गेलेत. त्यातला जिवंत कोणता तेवढं सांगा."

ते सांगून, दाखले पाठवून, पुन्हा पाठवून ऑगस्ट उजाडला. तोवर गावाला बातमी कळली होती आणि ज्याला त्याला मत होतं. पोस्टमन म्हणाला, गाइड करूच नका, तो झोपतो. दुधाच्या दुकानातला म्हणाला, गाइड केल्याशिवाय जाऊच नका, तुम्ही हरवाल. थिओच्या डॉक्टरांनी स्टेथोस्कोप बाळाच्या छातीवर ठेवून, जणू तिथून काही ऐकू येतंय अशा चेहऱ्याने सांगितलं, "गोळी झाडणं सोपं असतं हो. खाली पडलेलं हलवायचं कसं, ते बघा." जोसलिनला वाटलं ते बाळाच्या लंगोटाबद्दल बोलतायत.

तिने गाइड करायचं ठरवलं. शिकार करवून देणाऱ्या, राहायला, खायला, न्यायला-आणायला बघणाऱ्या लॉजवाल्यांचा तिने अभ्यास सुरू केला. ज्या चिकाटीने तिने थिओची गाडीतली खुर्ची निवडली होती (अकरा खुर्च्या, एक आठवडा, एक घरगुती भांडण) त्याच चिकाटीने ती रात्री दूध पाजता पाजता लोकांचे अभिप्राय वाचत बसली. त्यात थ्री केटल्स लॉज तिला आवडलं. तळ्याकाठचं लाकडी घर, धुराडं, अंगणात झोपाळा, आणि दारात लहान मुलाएवढ्या शिंगांना धरून हसणारी माणसं. अभिप्राय सगळे पाच ताऱ्यांचे.

मालकाचं नाव क्लिंट व्हिटकम. आवाज इतका धीराचा की विमा विकत घ्यावासा वाटेल. जोसलिनने फोनवर सगळं विचारलं.

"खोलीत कार्बन मोनॉक्साइडची घंटा आहे?"

"आहे."

"जवळचं हॉस्पिटल?"

"रस्ता डांबरी आहे तिथपर्यंत."

"जेवणात मीठ कमी करता येईल? सासऱ्यांना रक्तदाब आहे."

"करू की."

"जिन्याला कठडा?"

"जिनाच नाही!" क्लिंट अभिमानाने म्हणाला. "सगळं जमिनीलगत. बाई, आमच्याकडे सुरक्षितता पहिली."

त्या वाक्यावर जोसलिनने आगाऊ रक्कम भरली. एक गाइड शिकाऱ्यांच्या किती पार्ट्यांना, मादीच्या परमिटवर गेल्या साली किती जणांना मिळालं, मारलेला प्राणी बाहेर कोण काढणार, यातलं तिने काही विचारलं नाही. मुलाचं पाळणाघर निवडताना जे विचारतात ते सगळं तिने चोख विचारलं. त्या कसोटीला लॉज पूर्ण उतरलं. पाळणाघर म्हणून ते उत्तमच होतं.

तर ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ती आणि पेपे उत्तरेला निघाले. गाडीत बंदूक, बर्फाच्या मोठ्या पेट्या, रक्तदाबाचं यंत्र, प्रथमोपचाराच्या दोन पिशव्या आणि बॅटरीवर चालणारा दूध काढायचा पंप. थिओच्या खेळण्यापासून पेपेंच्या थर्मासपर्यंत जे हलतं त्या सगळ्याला, शिकाऱ्यांनी जनावर समजू नये म्हणून, तिने नारिंगी फीत लावली होती.

"पोरी," पेपे म्हणाले, "मला मूससारखा दिसणारा थर्मास अजून भेटलेला नाही."

"कुणाला काय दिसेल सांगता येत नाही, पेपे."

लॉज फोटोतल्यासारखंच होतं, फक्त फोटोवाल्याने ज्या कोनातून फोटो काढला होता त्या कोनात उभं राहायला हवं होतं. झोपाळा होता, त्याची एक साखळी नव्हती. क्लिंट हसत पुढे आला, पेपेंच्या पाठीवर थाप मारली, परमिट बघितलं, आणि त्याचं हसू मुलगी झाल्याचं कळलेल्या जुन्या वळणाच्या बापासारखं जरा उतरलं.

"मादीचं आहे वाटतं."

"फोनवर सांगितलं होतं मी," जोसलिन म्हणाली.

"सांगितलं असेल. नाही, चांगलंच असतं. मांस कोवळं असतं." आणि लगेच विषय बदलून, "मीठ कमी ना तुमचं?"

रात्री तिने अंथरुणात पडल्या पडल्या फोनवरचे पाच ताऱ्यांचे अभिप्राय पुन्हा वाचले. सगळे सप्टेंबरातले होते. सगळे नरांचे होते. सप्टेंबरात नर माजावर असतो, हाक मारली की पळत येतो. तेव्हा एखादा रिक्षावालाही गाइड होऊ शकेल, जर उत्तरेत रिक्षा असत्या तर. ऑक्टोबरच्या शेवटी प्रेमप्रकरणं संपलेली असतात, मंडळी गुपचूप खात असतात आणि कुणाच्या हाकेला ओ देत नाहीत. हे ज्ञान तिला त्या रात्री झालं. पेपेंना ते आधीपासून होतं, पण सुनेने इतक्या हौसेने निवडलेल्या जागेला नावं कशी ठेवायची, म्हणून ते गप्प बसले होते.

गाइडचं नाव डस्टिन. क्लिंटचा मेहुणा. पोटाशी मूसला हाक मारायचा, बर्च झाडाच्या सालीचा कर्णा बांधलेला. तो एकटा आणि पार्ट्या तीन. त्यामुळे तो सकाळी एका पार्टीला एका दलदलीच्या काठी बसवायचा, "हलू नका" सांगायचा आणि दुसऱ्या पार्टीला तेच सांगायला जायचा. जोसलिनला ही पद्धत ओळखीची वाटली. थिओला पाळण्यात ठेवून आंघोळ उरकताना तीही हेच करते.

सोमवारी काही दिसलं नाही. मंगळवारी एक साळिंदर दिसलं. बुधवारी डस्टिनने ठरवलं की आता हाक मारायची.

"या दिवसांत?" पेपेंनी विचारलं.

"माझी हाक वेगळी आहे, साहेब," डस्टिन म्हणाला. त्याने कर्णा तोंडाला लावला आणि विरहाने व्याकूळ झालेल्या मूस मादीचा असा काही आवाज काढला की जोसलिनच्या अंगावर काटा आला. बाळंतपणात तिने स्वतः हाच आवाज काढला होता.

शांतता. मग दलदलीच्या पलीकडून, दूर, उत्तर आलं. मादीचंच. डस्टिनचे डोळे मोठे झाले. "मादी!" तो पुटपुटला. "तुमचं नशीब!"

त्याने पुन्हा हाक मारली. पुन्हा उत्तर. सकाळभर हे चाललं. इकडून विरह, तिकडून विरह. पलीकडची मादी हळूहळू जवळ येत होती. पेपेंनी बंदूक खांद्याला लावली. जोसलिनने त्यांची नाडी मनातल्या मनात मोजली. अल्डरची झुडपं हलली, आणि त्यातून नारिंगी टोपीचा एक जाडा माणूस बाहेर आला. त्याच्या हातात बर्चच्या सालीचा कर्णा होता.

पेपेंनी बंदूक खाली घेतली. तो माणूस आणि डस्टिन एकमेकांकडे बघत राहिले.

"डस्टिन?"

"रॉय?"

"मला वाटलंच, आवाज ओळखीचा आहे." रॉय दुसऱ्या लॉजचा गाइड होता आणि डस्टिनचा आतेभाऊ. "मामी कशी आहे?"

"बरी आहे. पाठ दुखते."

"माझा नमस्कार सांग," असं म्हणून दुसरी मादी झुडपांत परत गेली.

पेपे त्या दिवशी जेवले नाहीत. नारिंगी टोपी मांडीवर घेऊन बाकावर बसले होते. जोसलिन शेजारी बसली.

"पेपे, छातीत दुखतंय का?"

"नाही."

"डावा हात?"

"पोरी, मी नाराज आहे. नाराज माणसाला नुसतं नाराज बसू द्यावं. त्याचा रक्तदाब मोजू नये." आणि थोड्या वेळाने, हळू आवाजात, "यंदा घेवडे आणणार नाही असं मी क्लबात सांगून आलोय."

तिने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. श्वास ठीक चालला होता.

गुरुवारी जे झालं ते मात्र लॉजच्या इतिहासात राहील. दुपारी डस्टिन आणि पेपे लाकडाच्या ट्रकांच्या कच्च्या रस्त्याकडेला एका ओंडक्यावर बसले होते. जोसलिन जवळच उभ्या केलेल्या लॉजच्या ट्रकमध्ये घोंगडी पांघरून पंप लावून बसली होती. बाळ दोनशे मैलांवर असलं तरी निसर्ग घड्याळाने चालतो. त्या पंपाचा एक आवाज होता. हुं-अख्. हुं-अख्. घरी डेरिक त्याला बेडूक म्हणायचा. ट्रकच्या पत्र्याच्या पोटात तो आवाज घुमत होता आणि काच बोटभर उघडी होती.

हुं-अख्. हुं-अख्.

फांद्या मोडल्या. जंगलातून एक नर मूस बाहेर आला. शिंगं अशी, की त्यावर थिओचा पाळणा आडवा मावला असता. मानेवरचे केस उभे करून तो तडक ट्रककडे चालत आला. त्याच्या मते आत एक आगाऊ नर होता, आणि त्याला दोन गोष्टी सुनवायच्या होत्या.

जोसलिनला ओरडता येईना, पंप काढता येईना, घोंगडी सोडता येईना. मूसने आरशात स्वतःला बघितलं आणि आरसा नाकाने फिरवला. काचेवर वाफ धरली.

"पंप बंद करा!" ओंडक्यामागून डस्टिन कुजबुजला.

"बंद करू नकोस, पोरी!" पेपे कुजबुजले. "याच्यामागे एखादी मादी असेल!"

मादी नव्हती. मूस बराच वेळ थांबला, आतला नर लढायला उतरत नाही हे बघून तुच्छतेने फुरफुरला, आणि ट्रकच्या दाराला शिंगाचा एक ओरखडा काढून निघून गेला. जन्मभर ज्याची वाट बघितली तो प्राणी पेपेंच्या समोरून, दगड मारला तर लागेल इतक्या जवळून, चालत गेला. पेपेंनी बंदूक उचललीसुद्धा नाही. परमिट मादीचं होतं.

"तो ओरखडा कोण भरून देणार?" संध्याकाळी क्लिंटने आधी हे विचारलं. मग जरा जवळ सरकून, "आणि बाई, त्या पंपाची कंपनी कोणती? सप्टेंबरसाठी विचारतोय."

आता पंपाची कंपनी हा बाईचा खासगी प्रश्न आहे. अपमान गिळायची जोसलिनला सवय होती, बालसंगोपनाच्या वर्गातून तिला ती लागली होती, पण हा गिळला गेला नाही.

"क्लिंट," ती म्हणाली, "उद्या आणि परवा आम्हाला आमचा स्वतंत्र गाइड हवाय."

"उद्यापासून डस्टिन पक्ष्यांच्या शिकारीवाल्यांबरोबर. त्यांचं आधी ठरलंय. तुम्हाला मी नकाशा देतो. छान नकाशा आहे."

"आम्ही गाइडचे पैसे दिलेत."

"दिले ना. आणि हाक मारली ना त्याने? कशी मारली! उत्तर देखील आलं."

"त्याच्या आतेभावाचं!"

"उत्तर कुणाचं यावं, ते आमच्या हातात नसतं," क्लिंट म्हणाला, आणि त्याच्या तोंडावर खरोखरच दुःख होतं.

शुक्रवार नकाशात गेला. नकाशा क्लिंटने स्वतः काढलेला होता आणि त्यात लॉज मधोमध, जगाएवढं मोठं होतं. संध्याकाळी पेपे म्हणाले, "चल, घरी जाऊ. थिओ वाट बघत असेल." रविवारी शिकारीला बंदी. म्हणजे उरला फक्त शनिवार.

या ठिकाणी जोसलिनने निमूट पिशव्या भरायला हव्या होत्या. आठवडाभर तिला हेच तर हवं होतं. घर, बाळ, बाळाचा श्वास. पण पेपेंनी घरी जाऊ म्हणताना तिच्याकडे बघितलं नाही, स्वतःच्या गुडघ्याकडे बघितलं. तिला ते अंगणातल्या लाकडांसारखं दिसलं, आधीच रचलेलं पुन्हा रचणं.

"उद्या जाऊ," ती म्हणाली. "आधी सकाळी बाहेर पडू. आपणच दोघं. आपल्या गाडीने."

"तू?"

"परमिट माझ्या नावावर आहे, पेपे."

शनिवारी उजाडता उजाडता ते लॉजपासून दूर, नव्याने उगवलेल्या कोवळ्या झाडीच्या कडेला गाडी लावून हळूहळू चालू लागले. तिने पेपेंचा दंड धरला होता. "सोड, बंदूक धरायची आहे," ते म्हणाले. तिने दंड सोडला आणि कोटाची कड धरली. आणि चालता चालता ती आजूबाजूला बघत होती, जसं ती नेहमीच बघते. लहान मूल रांगायला लागलं की आईच्या डोळ्यांना एक रोग जडतो. पलंगाखालचं बटण, कोपऱ्यातला मेलेला मुंगळा, पडद्याची सुटलेली दोरी, सगळं न शोधता दिसतं. डस्टिन आठवडाभर मूस शोधत होता. जोसलिन मूस शोधतच नव्हती. आपल्या माणसाला इजा करील असं इथे काय आहे, तेवढं ती बघत होती, आणि त्या नजरेला झाडीत एका जागी एक पान वाऱ्याच्या उलट्या दिशेने हललेलं दिसलं.

ते पान नव्हतं. कान होता.

तिने कोटाची कड ओढली. पेपे थांबले. तिने बोट केलं. त्यांना दिसेना. तिने त्यांची हनुवटी धरून, थिओला चंद्र दाखवताना फिरवते तशी, हळूच फिरवली. तपकिरी कान, मग लांब नाक, मग उंचवट्यासारखा खांदा. शिंगं नाहीत. शेजारी वासरू नाही, हे तिने आधी बघितलं, दोनदा बघितलं. मादी शांतपणे कोंब खात होती.

पेपेंनी बंदूक लावली. बंदुकीची नळी हलेनाशी झाली. चामड्यावर सुरी टेकवताना त्यांचे हात असेच स्थिर होत असणार, तिला वाटलं. एकच आवाज झाला.

मादी काही पावलं चालली, एका काळ्या, पाणथळ खड्ड्यात उतरली आणि जणू थकून बसावं तशी खाली बसली.

पेपेंनी टोपी काढली. ओठांत काहीतरी पुटपुटले, त्यांच्या आईच्या फ्रेंचमध्ये. मग सुनेकडे वळले. डोळे भरले होते. "पोरी," ते म्हणाले, "तुला दिसली. मला दिसलीच नव्हती गं." आणि तिला मिठी मारली. तिने त्या मिठीतही एक हात मोकळा ठेवून बंदुकीचा खटका तपासला.

इथे कथा संपायला हरकत नव्हती. पण मादी मूस ही एका लहानशा मोटारीएवढी जड असते, आणि ही अर्धी चिखलात होती. ओढून बाहेर काढल्याशिवाय कुशीवर वळवता येईना, वळवल्याशिवाय पोट उघडता येईना. तासाभरात ती आणखी चार बोटं खाली गेली. पेपे गुडघाभर पाण्यात उतरून तिला धरून उभे राहिले, जणू ती बुडून जाईल आणि तिच्याबरोबर सगळी वर्षं बुडतील. जोसलिनने गाडीतून थिओला पाठीशी बांधायचं लांब कापड आणलं. त्या कापडाने मूसचा पुढचा पाय टॅमरॅकच्या झाडाला बांधला. पुरलं नाही, तेव्हा पेपेंनी कमरेचा पट्टा काढून जोडला. तेव्हापासून त्यांचा एक हात मूसला आहे आणि एक हात विजारीला.

फोनला रेंज नव्हती म्हणून ती गाडीने तिठ्यापर्यंत आली. क्लिंटला फोन लागला.

"अभिनंदन!" तो ओरडला. "फोटो काढलात?"

"बाहेर काढायला माणसं आणि दोर पाठवा."

"ते आपल्या पॅकेजमध्ये नाही, बाई. पण डस्टिन मोकळा झाला की सांगतो. पक्षी उठले की तो मोकळा." आणि मग, चौकशी म्हणून, "किती खोलात आहे?"

मग डेरिकला. तो दोर, कप्पी आणि थिओला घेऊन निघालाय. थिओ का, असं तिने विचारलं, तर म्हणाला, कुणाकडे ठेवू, तूच तर कुणावर विश्वास ठेवत नाहीस. तो पोचेपर्यंत दुपार टळणार.

सध्या जोसलिन तिठ्यावर उभी आहे. डेरिकला आतला रस्ता दाखवायला कुणीतरी इथे हवं, नाहीतर तो क्लिंटच्या नकाशावरून जाईल. आत पेपे एकटे आहेत. "मी ठीक आहे, तू जा, मी हिला सोडणार नाही," असं म्हणाले ते.

म्हणून तिचं तुमच्याकडे एक मागणं आहे. तुम्ही त्या बाजूने जात असाल तर मोठ्या पुलानंतर डावीकडचा तिसरा लाकडाच्या ट्रकांचा रस्ता घ्या. पिवळ्या टॅमरॅकपाशी थांबा आणि लांबूनच हाक मारा, म्हणजे ते दचकणार नाहीत. जोसेफ म्हणू नका, लुसियन म्हणा. ते म्हणतील सगळं उत्तम आहे. ते ऐकून परत फिरू नका. जवळ जा, त्यांना पाण्यातून बाहेर यायला सांगा, आणि बूट काढायला लावून पाय किती गार पडलेत ते हात लावून बघा. मूस तोवर तुम्ही धरा.